बुळकांडी गेली आणि सेरेंगेटी भरली

पशुसंवर्धन विभागात पस्तीस वर्षे काढून मी २०१८ साली निवृत्त झालो. त्यांतली बहुतेक वर्षे रत्नागिरी जिल्ह्यातच गेल्यामुळे राजापूर तालुक्यातल्या आमच्या आडिवरे-कशेळी भागात मला नावाने हाक मारणारी माणसे कमी आणि नुसते 'डॉक्टर' म्हणणारी अधिक आहेत. हा डॉक्टर गुरांचा आहे हे सगळ्यांना ठाऊक असल्याने तेवढा शब्द पुरतो. हे आधीच सांगण्याचे कारण असे की टांझानियातील सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान मी पाहिले ते निसर्गप्रेमी प्रवाशाच्या नजरेने नव्हे. सिंह, हत्ती, बिबटे दिसले आणि ते पाहून आनंदही झाला. पण माझे लक्ष सारखे खुरांकडे जात होते.

आमची मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त नैरोबीत असतात. चार वर्षे त्यांचे बोलावणे चालू होते आणि चार वर्षे मी ते टाळत होतो, कारण त्यांचा आग्रह नेमका फेब्रुवारीचा होता आणि फेब्रुवारी म्हणजे आमच्याकडे मोहोर, कणी आणि फवारणीचे दिवस. अखेर मुलीने एक वाक्य टाकले. "बाबा, जन्मभर अडलेल्या गाई सोडवल्यात, पाच लाख वासरे एका महिन्यात जन्माला येतात ती जागा एकदा बघून तरी घ्या." धाकट्या भावाने बागेची जबाबदारी घेतली, सौभाग्यवतींनी कुळथाचे पीठ, मेतकूट आणि आंबापोळी बांधून घेतली, आणि २०२३ च्या फेब्रुवारीत आम्ही निघालो. पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी टोचून घ्यावी लागते, नाहीतर केनियातून परत येताना आपल्याच विमानतळावर अडवणूक होते. हजारो जनावरांना सुई टोचलेला मी, स्वतःच्या दंडात सुई जाताना तोंड फिरवून बसलो, हे सौभाग्यवतींनी नंतर नैरोबीत सर्वांना रंगवून सांगितले.

नैरोबीहून नामांगाच्या सीमेवरून अरुशा आणि तिथून पश्चिमेला न्गोरोंगोरो हा रस्ता आता बराच चांगला आहे, त्याविषयी अधिक लिहिण्याजोगे काही नाही. चालक मात्र लिहिण्याजोगा होता. पन्नाशीचा, मितभाषी, इंग्रजी जेमतेम आणि नजर घारीची. तो मला पहिल्या दिवसापासून 'बाबू' म्हणू लागला. कोकणात बाबू म्हणजे घरातले लहान पोर, त्यामुळे त्रेसष्टाव्या वर्षी ही हाक ऐकून मी थोडा बावरलो. स्वाहिलीत बाबू म्हणजे आजोबा, हे जावयांनी सांगितल्यावर बरे वाटावे की वाईट ते ठरेना. गाडीला तो 'गारी' म्हणे आणि चहाला 'चाय'. या किनाऱ्याची आणि त्या किनाऱ्याची गलबते कित्येक शतके मोसमी वाऱ्यांवर ये-जा करीत होती, त्यांनी मालाबरोबर शब्दही उतरवलेले दिसतात. न्युम्बू, म्हणजे ज्याला सगळे जग वाइल्डबीस्ट म्हणते तो प्राणी, सेरेंगेटीत किती आहेत असे विचारल्यावर त्याने "लाकी कुमी ना तातू" असे उत्तर दिले, आणि त्यातला 'लाकी' म्हणजे आपलाच 'लाख' आहे हे कळल्यावर मी ते उत्तर वहीत तसेच्या तसे उतरवून घेतले. तेरा लाख. पाहणीगणिक आकडा थोडा वरखाली होतो, पण गेली अनेक वर्षे सर्वसाधारणपणे हाच अंदाज दिला जात आला आहे.

न्गोरोंगोरो हे एका जुन्या ज्वालामुखीचे खचलेले मुख आहे. भिंती सुमारे सहाशे मीटर उंच, तळ जवळपास २६० चौरस किलोमीटर. काठावर पहाटे इतके धुके होते की आंबोलीच्या घाटाची आठवण यावी, आणि तळाशी उतरताच कोरडे, मोकळे, उन्हाने पिवळे झालेले गवत. गेंडा दिसला, तोही दुर्बिणीतून आणि पाठमोरा. विवराच्या काठावर मिखाएल ग्झिमेक या तरुण जर्मन प्राणिशास्त्रज्ञाचे दगडी स्मारक आहे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस तो आणि त्याचे वडील बर्नहार्ट ग्झिमेक यांनी लहान विमानातून सेरेंगेटीतल्या जनावरांची मोजदाद केली. त्या कामातच १९५९ साली विमान गिधाडाला धडकून मिखाएल गेला. गिधाडांचा विषय पुढे येणारच आहे.

विवराचा काठ उतरून पश्चिमेला आलो आणि मी गाडीत उठून उभा राहिलो. समोर सडा होता.

कोकणाबाहेरच्या वाचकासाठी सांगतो. आमच्याकडे गाव असते खाली वहाळाच्या कडेने, नारळी-पोफळीत. आणि वर जांभ्या दगडाचे सपाट, उघडे माळ पसरलेले असतात, त्यांना सडा म्हणतात. पावसाळ्यात त्यावर गुडघाभर गवत आणि फुलांचे ताटवे, दिवाळीनंतर नुसते सोनेरी गवत, शिमग्यापर्यंत काळाभोर कातळ. झाड उभे राहत नाही, कारण वीतभर मातीखाली मुळाला वाट न देणारा दगड असतो. सेरेंगेटीच्या आग्नेय भागातले आखूड गवताचे मैदान तसेच आहे, फक्त आमचा सडा तासाभरात चालून संपतो आणि हे मैदान संपत नाही. मसाई भाषेत 'सिरिंगेट' म्हणजे न संपणारी मोकळी जागा, त्यावरूनच उद्यानाचे नाव पडले. तिथेही झाड नाही, आणि कारण ऐकून मी थक्क झालो. पूर्वेला ओल दोइन्यो लेंगाई नावाचा ज्वालामुखी आहे, अजून जिवंत. त्याने आणि त्याच्या शेजारच्या जुन्या ज्वालामुखींनी हजारो वर्षे उडवलेली राख वाऱ्याने या मैदानावर पसरली. पावसाच्या पाण्याबरोबर तिच्यातला चुना खाली झिरपला आणि तिथे थिजून त्याचा टणक थर बनला. मुळे त्या थराशी थांबतात. गवताला वीतभर माती पुरते, झाडाला पुरत नाही.

साम्य मात्र एवढ्यावरच संपते. आमच्या जांभ्या मातीतून दरवर्षी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस चुना आणि खनिजे धुऊन समुद्रात नेतो. इथली गवते दिसायला भरघोस, पण स्फुरद आणि कॅल्शियम यांची त्यांत कमतरता. म्हणून आमची गुरे हाडे चघळतात, चिंध्या खातात, आणि म्हणूनच कोकणातली गाय लहान चणीची, काटक आणि कमी दुधाची राहिली. (२०१८ साली 'कोकण कपिला' या नावाने तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा आम्हा जुन्या मंडळींना फार समाधान वाटले.) सेरेंगेटीच्या त्या मैदानावर पाऊस आमच्या सहाव्या हिश्शाइतका, पण राखेमुळे गवतात कॅल्शियम आणि स्फुरद ठासून भरलेले. दुभत्या जनावराला नेमके हेच लागते. व्यालेल्या गाईला शिरेतून कॅल्शियमच्या बाटल्या चढवताना ज्याच्या रात्री गेल्या आहेत, त्याला लाखो न्युम्बू दरवर्षी व्यायला याच मैदानावर का येतात हे कोणी वेगळे समजावून सांगावे लागत नाही. जूनच्या सुमारास इथले पाणी आटले की ते पश्चिमेला आणि उत्तरेला निघतात, केनियाच्या मसाई मारापर्यंत जातात आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या पावसाबरोबर परत येतात. जगभरचे पर्यटक मारा नदी ओलांडताना त्यांना मगरी पकडतात ते पाहायला येतात. मला विचाराल तर फेब्रुवारी निवडावा.

न्युम्बू दिसायला सुंदर नाही. बैलाची शिंगे, घोड्याचे शेपूट, बोकडाची दाढी, आणि पुढचा भाग उंच नि मागचा उतरता, त्यामुळे उभा असतानाही तो चढण चढत असल्यासारखा वाटतो. आवाज बेडकासारखा. एन्दुतूच्या परिसरात आम्ही सकाळी पोहोचलो तेव्हा क्षितिजापासून क्षितिजापर्यंत हा आवाज भरून राहिला होता, आषाढात भातखाचरे डरावतात तसा.

दहाच्या सुमारास चालकाने गाडी थांबवली आणि काही न बोलता बोट दाखवले. साठ-सत्तर पावलांवर एक मादी कळपाच्या कडेला फिरत होती, बसत होती, उठत होती. तिसऱ्यांदा बसली तेव्हा शेपटीखाली पुढचे दोन खूर दिसले. आधी खूर, मग त्यांवर टेकलेले नाक. वासरू सरळ होते. माझा उजवा हात आपोआप डाव्या बाहीकडे गेला आणि बाही कोपरापर्यंत सरकवून झाल्यावर मी भानावर आलो. सौभाग्यवतींनी ते पाहिले. "अहो, बसा खाली, तिला येते ते," एवढेच त्या म्हणाल्या. एक तरस लांबून चालत गेला तेव्हा मादी वासराचे खूर बाहेर लोंबत असतानाच उठली आणि कळपात मिसळली. आमची गाय असती तर मी देव पाण्यात घातले असते. पाच मिनिटांनी ती पुन्हा बसली आणि वासरू एका कळेसरशी बाहेर आले. मी घड्याळ लावले. बदामी रंगाचे ते ओले पोर चार वेळा पडले आणि सहाव्या मिनिटाला चार पायांवर उभे राहिले. आमच्या गाईच्या वासराला त्यासाठी सहज अर्धा-पाऊण तास लागतो, आणि तोवर आपण नाकातोंडातला चिकटा काढतो, पेंढ्याने अंग चोळतो, पहिला चीक पाजण्यासाठी आचळाशी तोंड धरतो. इथे पाजायला कोणी नाही आणि थांबायला वेळ नाही. वीस मिनिटांत ते आईच्या कुशीला लागून धावत होते. पडलेल्या वारेवर कोल्हे आणि गिधाडे जमली होती.

सुमारे पाच लाख वासरे, त्यांतली बहुसंख्य दोन-तीन आठवड्यांच्या अवधीत. हिंस्र पशूंनी कितीही खाल्ले तरी त्यांच्या पोटाला मर्यादा आहे. सगळ्यांनी एकदमच व्यायचे म्हणजे खाणारे पुरे पडत नाहीत. हे गणित मला ठाऊक होते, पण त्याच दिवशी दुपारी त्याची दुसरी बाजू दिसली. चुकलेले एक वासरू आमच्या गाडीला आई समजून मागे लागले. नवजात वासरू हलणाऱ्या पहिल्या मोठ्या वस्तूच्या मागे जाते, तरसाच्या मागेही जाते असे चालक म्हणाला. त्याने गाडी थांबवली. वासरू सावलीत येऊन चाकाला नाक लावून उभे राहिले आणि मी वरून त्याची नाळ पाहिली, ओली होती, फार तर दोन तासांचे असेल. खाली उतरायला मनाई, हात लावायला मनाई, आणि उतरून तरी काय करणार होतो? चालकाने हळूहळू गाडी जवळच्या कळपाच्या दिशेने नेली, वासरू मागून आले, कळपाजवळ दोन माद्यांनी त्याला हुंगून ढुशी मारली. मग चालकाने गाडी वळवली आणि वेगाने दूर काढली. आई सापडली असेल असे मुलगी म्हणाली. मी काही बोललो नाही.

त्या रात्री तंबूत झोप आली नाही. बाहेर तरसे हुंकारत होती आणि माझ्या डोक्यात एक जुना शब्द घोळत होता: बुळकांडी.

आजच्या शेतकऱ्याला हा शब्द माहीत नसेल, आणि तो माहीत नसावा यासाठीच आमची पिढी राबली. दोन खुरांच्या रवंथ करणाऱ्या जनावरांचा हा विषाणूजन्य रोग. ताप, तोंडात व्रण, नाकाडोळ्यांतून स्राव, मग थांबता न थांबणारी हगवण, आणि आठवडा-दहा दिवसांत मरण. माझी आजी सांगे, तिच्या लहानपणी बुळकांडी आली तेव्हा वाडीतल्या सगळ्या गोठ्यांतल्या दावणी रिकाम्या झाल्या आणि त्या वर्षी माणसांनी नांगर ओढला. मी नोकरीला लागलो तेव्हा रोग आटोक्यात येत होता, पण घाटावरच्या बाजारातून आणलेल्या बैलांत तो अधूनमधून डोके काढी. मग आम्ही बर्फ भरलेल्या थर्मासमध्ये लशीच्या कुप्या घेऊन होडीने, पायी, मिळेल त्या एसटीने निघत असू. कुपीतली कोरडी लस थंड सलाइनमध्ये मिसळायची, प्रत्येक जनावराला एक मिलिलिटर कातडीखाली टोचायची, आणि मिसळलेली लस उन्हात मरायच्या आत संपवायची. त्यामुळे वाडीत पोहोचण्याआधी गुरे सड्यावर गेली असली की सगळी वणवण वाया.

त्या लशीचा जन्म केनियातला. वॉल्टर प्लाऊराइट या इंग्रज पशुवैद्याने नैरोबीजवळच्या मुगुगा येथील प्रयोगशाळेत १९६०च्या सुमारास ती तयार केली. तिच्यासाठी वापरलेला विषाणूही नैरोबीलगतच्या काबेते येथील गुरांतून मिळालेला होता. लशीच्या माहितीपत्रकावरचे 'काबेते' हे नाव मी शेकडो वेळा वाचले होते आणि ते माणसाचे नाव असावे असा माझा अनेक वर्षे समज होता. नैरोबीत जावयांच्या गाडीतून जाताना रस्त्याच्या पाटीवर ते दिसले तेव्हा मी त्यांना गाडी बाजूला घ्यायला लावली.

सेरेंगेटीचा बुळकांडीशी संबंध असा. हा रोग मुळात आफ्रिकेच्या त्या भागात नव्हता. १८८०च्या दशकाच्या अखेरीस इटलीच्या सैन्यासाठी आशियातून, बहुतेकांच्या मते आपल्या भारतातूनच, आणलेल्या गुरांबरोबर तो इरिट्रियाच्या किनाऱ्यावर उतरला आणि दोन-तीन वर्षांत मसाई प्रदेशात पोहोचला. तिथल्या गुरांत त्याविरुद्ध कसलीही प्रतिकारशक्ती नव्हती. गाईबैल जवळजवळ संपले, रानरेडे आणि न्युम्बू संपले, आणि दुधारक्तावर जगणारे मसाई उपाशी मेले. त्या काळाला ते 'एमुताई' म्हणतात, सर्वनाश. पुढे रोग तिथे मुरला. गाईंतून तो रानातल्या कळपांत जाई आणि न्युम्बूंची वर्षाच्या आतबाहेरची पोरे दरवर्षी मारून टाकी. १९६०च्या सुमारास सेरेंगेटीत न्युम्बू उरले होते सुमारे अडीच लाख. मग उद्यानाभोवतीच्या मसाई गुरांना लस टोचली गेली. रानातल्या एकाही जनावराला कोणी सुई लावली नाही, नुसती गुरे सुरक्षित झाली, आणि दोन-तीन वर्षांत रानातला रोगही नाहीसा झाला, कारण तो गुरांच्याच जिवावर तगून होता. १९७७ पर्यंत न्युम्बू तेरा-चौदा लाखांवर गेले.

आणि झेब्रे? ते होते तेवढेच राहिले, दोन लाखांच्या आसपास. झेब्रा घोड्याच्या जातीचा, एका खुराचा. त्याला बुळकांडी होतच नाही, म्हणून ती गेल्याचा त्याला फायदा झाला नाही. संख्या वाढली ती पावसामुळे किंवा शिकाऱ्यांवरच्या बंदीमुळे नव्हे, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? दुसऱ्या दिवशी न्युम्बू आणि झेब्रे एकाच पाणवठ्यावर मिसळून पाणी पिताना पाहिले तेव्हा मला ते एखाद्या प्रयोगशाळेतल्या दोन नळ्यांसारखे वाटले. लोक या मैदानाला 'आदिम', 'अनाघ्रात' म्हणतात. माझ्या मते त्यातले निम्मे दृश्य थर्मासमधून आलेले आहे.

परिणाम इथेच थांबले नाहीत. न्युम्बू वाढले तसे उभे गवत खाल्ले जाऊ लागले, गवत कमी झाले तसे वणवे कमी झाले, आणि वणवे कमी झाले तशी उत्तरेकडच्या भागात बाभळीची रोपे तगून झाडे झाली. हे वाचले तेव्हा मला आमचा सडा आठवला, उलट्या क्रमाने. पॉवर टिलर आल्यापासून बैल गेले, दुधाच्या पिशव्या आल्यापासून गाई गेल्या. सड्यावर आता चरायला फारसे कोणी जात नाही, गवत वाळून कमरेइतके उभे राहते, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवा लागला की काजूच्या बागा आधी पेटतात. प्रत्येक वेळी विडी टाकणाऱ्याला शिव्या दिल्या जातात. विडी पूर्वीही टाकली जात असे.

मसाईंविषयी दोन शब्द लिहायला हवेत. उद्यान १९५१ साली झाले आणि १९५९ साली मसाईंना त्यातून बाहेर काढून न्गोरोंगोरोत वस्तीची मुभा देण्यात आली. आता तिथूनही अनेक कुटुंबांना २०२२ पासून दूर म्सोमेराकडे हलवण्याचे काम सरकारने हाती घेतले आहे आणि त्यावरून मोठा वाद चालू आहे. ज्यांच्या गुरांना टोचलेल्या सुईमुळे ही रानातली श्रीमंती परत आली त्यांनाच तिथे जागा नाही, हे मला खटकले. चांदोलीच्या अभयारण्यासाठी उठवलेल्या सह्याद्रीतल्या वस्त्यांची माणसे मी पाहिली आहेत, त्यामुळे अधिकच खटकले. न्गोरोंगोरोच्या उतारावर एका वयस्कर मसाई गुराख्याशी चालकाच्या मध्यस्थीने थोडे बोलणे झाले. मी गुरांचा डॉक्टर आहे हे कळताच त्याने सरळ मला एका गाईपाशी नेले आणि कानामागची गोचीड दाखवली. न्युम्बू व्यायले की आम्ही गुरे त्या मैदानावरून वर डोंगराकडे काढतो, असे तो म्हणाला. कारण अगदी शास्त्रशुद्ध आहे: न्युम्बूच्या वासरांच्या नाकाडोळ्यांतून असा एक विषाणू बाहेर पडतो जो न्युम्बूला काही करत नाही आणि गाईला मारतो. शास्त्रज्ञांनी तो १९६० साली वेगळा काढून दाखवला, तेही याच प्लाऊराइटनी. गुराख्यांना ते कितीतरी आधीपासून माहीत होते, आणि वर्षातले सर्वांत कसदार गवत ते डोळ्यांदेखत न्युम्बूंसाठी सोडून देत आले.

बिबट्याविषयी थोडक्यात लिहितो. सेरोनेरा नदीकाठी तो झाडावर झोपला होता, त्याचे शेपूट लोंबत होते, आणि त्या शेपटाभोवती मी एकवीस गाड्या मोजल्या. उद्यानाच्या हद्दीत रस्ता सोडून गाडी नेण्यास मनाई आहे. एका गाडीतल्या पाहुण्यांनी चालकाला पैसे दाखवून ती मनाई मोडायला लावली. आमच्या चालकाने मान वळवली आणि गाडी मागे घेतली. बिबट्या आमच्या काजूच्या बागेतही येतो, मी मनातल्या मनात म्हटले.

गिधाडे मात्र मी पोटभर पाहिली. सिंहांनी सोडलेल्या न्युम्बूच्या सांगाड्यावर साठ-सत्तर गिधाडे तुटून पडली होती, चार जातींची, आणि प्रत्येक जातीचे काम ठरलेले: भल्यामोठ्या डोक्याची कातडे फाडणार, लांब मानेची आत घुसणार, लहान चोचीची उरलेसुरले टिपणार. तासाभरात हाडे उरली. माझ्या लहानपणी गावात मेलेले गुरू सड्याच्या कडेला नेऊन टाकत आणि आकाशातून अशीच गिधाडे उतरत. १९९०च्या दशकात ती दिसेनाशी झाली. कारण २००४ साली सिद्ध झाले: गुरांना ताप-सुजेवर देण्यात येणारे डायक्लोफेनॅक. ते टोचलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. पांढऱ्या पाठीची गिधाडे भारतात हजारांत एक उरली. २००६ मध्ये गुरांसाठी त्याच्या उत्पादनावर बंदी आली. तोवर मी स्वतः किती बाटल्या वापरल्या याचा हिशेब माझ्या नोंदवहीत आहे आणि ती वही मी पुन्हा उघडलेली नाही. औषध स्वस्त होते, गुणकारी होते, गाय संध्याकाळी उठून उभी राहत असे. रायगडात म्हसळ्याजवळ चिरगावला गिधाडांची थोडी घरटी लोकांनी नेटाने सांभाळली आहेत, तिथे मी दोनदा जाऊन आलो आहे. बुळकांडीच्या लशीचे श्रेय घेताना माणसाचा ऊर भरून येतो. त्या सांगाड्यापाशी गाडीत बसून मला ते श्रेय अर्धेच घेता आले.

शेवटच्या दिवशी मोरू नावाच्या टेकड्यांवर गेलो. गवताच्या समुद्रात मध्येच ग्रॅनाइटचे गोल खडक वर आलेले असतात, त्यांना तिथे कोप्ये म्हणतात. एका कपारीत मसाई तरुणांनी काढलेल्या ढालींची चित्रे आहेत, तांबड्या, पांढऱ्या, काळ्या रंगांत. आणि जवळच एक मोठा खडक असा की त्यावर दगडाने ठोकले असता घंटेसारखा नाद येतो. ठोकून ठोकून त्यावर वाट्यांसारखे खळगे पडले आहेत. सौभाग्यवतींनी तो तीनदा वाजवला आणि देवळात आल्यासारखे हात जोडले.

घरी परतल्यावर दुसऱ्याच संध्याकाळी मी कशेळीच्या सड्यावर गेलो. तिथल्या कातळात एक प्रचंड हत्ती कोरलेला आहे, सोंडेपासून शेपटापर्यंत अठरा-एक मीटर, आणि त्याच्या पोटात इतर कितीतरी प्राणी. जिल्ह्यातल्या दुसऱ्या सड्यांवर गेंडाही कोरलेला सापडला आहे. ज्यांनी हे कोरले त्यांनी ही जनावरे पाहिल्याशिवाय कोरली नसणार, एवढे मला आता पूर्वीपेक्षा पक्के वाटते. २०२२ साली ही कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत गेली, तरी सात-बाऱ्यावर आमचा सडा 'पोटखराबा'च, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीनच, आहे. उत्तरेकडे कुठेतरी वणव्याचा धूर दिसत होता.

खालच्या वाडीतला एक शेतकरी आपल्या दोन गाई घेऊन परत निघाला होता. अख्ख्या सड्यावर तेवढ्याच दोन. मला पाहून तो थांबला.

"काय डॉक्टर, आफ्रिकेत वाघ दिसलो काय?"

"तिकडे वाघ नसतो रे."

"मगे काय बघलात इतक्या लांब जावन?"

"गुरे," मी म्हणालो.

तो हसला नाही. थोडा वेळ विचार करून त्याने कपिला गाईला पुढे केले आणि तिचा डावा पाय दाखवला. दोन दिवस टेकत नव्हती म्हणे. मी खाली बसलो, खुराच्या बेचक्यात बोट घातले. करवंदीचा काटा होता, आतपर्यंत गेलेला. तो निघेपर्यंत अंधार पडला.